रोज एक रेघ

चारचौघांत कुणाला 'तुम्ही चित्रं काढता का?' असं विचारून पाहा. आपल्यावर एखादा आळ आल्यासारखे बहुतेक जण लगबगीनं सांगतात, 'छे हो, आपला हात नाही त्यात.' हेच गृहस्थ न्हाणीघरात बिनदिक्कत नाट्यपद आळवत असतात. धाकट्या भावाला चार ओळींचं पत्र लिहिताना आपण काही खांडेकर नाही, म्हणून त्यांची लेखणी अडत नाही. वरातीत नाचताना आपण नाच कुठे शिकलो, हा प्रश्न त्यांच्या गावीही नसतो. चित्राची गोष्ट निघाली की मात्र ते एकदम विनयशील होतात. गाणं, लिहिणं, नाचणं आपलं; चित्र तेवढं चित्रकाराचं, अशी वाटणी आपण केव्हाच करून टाकली आहे.

ही वाटणी साधारण सातवी-आठवीत होते. त्याआधी सगळीच मुलं चित्रं काढतात. जमीन, भिंत, वहीचं मागचं पान, वडिलांच्या कचेरीचे कागद, काहीही त्यांना चालतं. मग एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा येतात. टेबलावर बादली, तिच्यामागे निळं फडकं आणि पुढ्यात दोन कांदे मांडून वस्तुचित्र काढायचं असतं. स्मरणचित्रात जत्रेत फुगे विकणारा असतो. संकल्पचित्राची नक्षी असते, भूमितीच्या आकृत्या असतात. या परीक्षांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हाती रंगपेटी दिली, हे त्यांचं मोठंच काम आहे. पण त्याबरोबर एक गोष्ट नकळत झाली. ज्यांना 'हात' होता ती मुलं पुढे गेली आणि बाकीच्यांनी पेटी माळ्यावर टाकली ती कायमची. चित्र ही दाखवायची वस्तू आहे, हे आपल्या मनात पक्कं बसलं. चित्र हा पाहण्याचा एक मार्ग आहे, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

आजचा हा लेख माळ्यावर पेटी टाकलेल्यांसाठी आहे. मी त्यांच्यातलाच. छत्तीस वर्षं बँकेत काढली, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या आणि २०१९ साली निवृत्त झालो. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी एक साधी कोरी वही आणली आणि रोज एक पान काढायचं ठरवलं. आज कपाटात अशा सव्वीस वह्या आहेत. त्यांतलं एकही चित्र चौकटीत बसवून भिंतीवर लावावं असं नाही. तरीही कपाटातून एकच गोष्ट उचलायची वेळ आली, तर मी माझ्या छापील पुस्तकांना हात न लावता त्या वह्या उचलीन. असं का, ते सांगण्याचा हा प्रयत्न.

रोज एक रेघ ही कल्पना काही नवी नाही. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात अपेलीज नावाचा एक ग्रीक चित्रकार होता. सिकंदराचं व्यक्तिचित्र काढण्याचा मान त्याचा. त्याच्याबद्दल रोमन लेखक प्लिनीनं लिहून ठेवलं आहे, की दिवस कितीही धामधुमीचा असो, अपेलीज एक रेघ ओढल्याशिवाय तो मावळू देत नसे. युरोपात पुढे त्याची म्हणच झाली. त्यात एक रेघ म्हटलं आहे, एक चित्र म्हटलेलं नाही, हे मला फार आवडतं. रेघ कुणालाही ओढता येते.

आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं, तर ही रोजकीर्द झाली. संगणक येण्यापूर्वीच्या दिवसांत संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय कुणी घरी जात नसे. पुस्तकात त्या दिवसाची नोंद त्याच दिवशी व्हायची. खाडाखोड करायची नाही, रबर लावायचं नाही. चुकलं तर त्यावर एक सरळ रेघ ओढायची, बरोबर आकडा वर लिहायचा आणि शेजारी छोटी सही करायची. चित्राच्या वहीला मी हेच नियम लावले. पानाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ आणि जागा. खोडरबर घरातच ठेवला नाही. रेघ चुकली तर चुकलेली राहू द्यायची आणि तिच्याशेजारी दुसरी ओढायची. डोळा कुठे फसला, हे त्या दोन रेघांतल्या अंतरावरून कळतं. पहिली पुसून टाकली, तर तेही कळायचं नाही.

आणि वेळ? रोज दहा मिनिटं. चहा निवेपर्यंतची, कुकरच्या तीन शिट्ट्यांपर्यंतची, नाहीतर बस येईपर्यंतची. 'मूड' लागायची वाट पाहायची नाही. मूड लागला तरच कॅश मोजीन, असं म्हणणारा कॅशिअर आमच्याकडे टिकला नसता.

रेघ म्हणजे काय, हे खरं तर मला बँकेतच कळलं होतं. नोकरीची निम्मी वर्षं मी सह्या पडताळण्यात घालवली. एका हातात चेक आणि समोर नमुना सहीचं कार्ड. सराव झाला की डोळा अक्षरं वाचत नाही, ओघ वाचतो. खोटी सही बहुधा चुकीची नसते. उलट ती फार बरोबर असते. नमुन्याकडे पाहत पाहत, जपून, हळू काढलेली असते. त्यामुळे तिची रेघ थबकते, थरथरते, जिथे उचलायला नको तिथे पेन उचललेलं दिसतं. खरी सही दर वेळी थोडी वेगळी असते, पण तिचा वेग खरा असतो. चित्रातही तेच आहे. छान दिसावं म्हणून भीत भीत काढलेली रेघ मेलेली असते. नीट पाहून, सरळ ओढलेली वाकडी रेघ जिवंत असते.

एक निवृत्त शिक्षक दर महिन्याला पेन्शन काढायला यायचे. त्यांची नमुना सही वीस वर्षांपूर्वीची, मोत्यासारखी. चेकवरची सही मात्र वाऱ्यावर हलणाऱ्या दोरीसारखी. मी नव्या कार्डावर सही करा म्हणालो, तेव्हा ते हसून म्हणाले, 'साहेब, सही माझीच आहे. हात तेवढा म्हातारा झालाय.' त्या दोन कार्डांमध्ये एका माणसाची वीस वर्षं होती. रेघेत एवढं मावतं.

आता प्रत्यक्ष वहीकडे येऊ. सुरुवात स्वयंपाकघरापासून करावी. तिथल्या वस्तू हलत नाहीत आणि तक्रारही करत नाहीत. अडकित्ता, खलबत्ता, किसणी, वाटीतलं लिंबू. पहिल्याच दिवशी एक गंमत लक्षात येते. आपण समोरचा कप काढतच नाही. डोक्यातला कप काढतो. कपाचं तोंड गोल असतं हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपण गोल काढतो. समोर बसलेल्या माणसाला ते चपटं, लांबट दिसत असतं. कपाचा तळ सपाट असतो हे ठाऊक असतं, म्हणून खाली सरळ रेघ मारतो. दिसत असतो तो मात्र बाक. ठाऊक असणं दिसण्याच्या आड येतं. पन्नास वर्षं ज्या कपातून चहा प्यालो, तो आपण पाहिलेलाच नसतो.

हा पडदा बाजूला सारायला जाणकारांनी युक्त्या सांगून ठेवल्या आहेत. किमॉन निकोलायडीस या अमेरिकन शिक्षकाचं चित्रकलेवरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९४१ साली, प्रसिद्ध झालं. त्यातला पहिलाच पाठ असा, की नजर वस्तूच्या कडेवर ठेवायची, मुंगी चालते तशी ती सावकाश पुढे न्यायची, तिच्याबरोबर पेन्सिल चालवायची आणि कागदाकडे पाहायचंच नाही. चित्र हास्यास्पद होतं, पण त्या पाच मिनिटांत वस्तू पाहून होते. १९७९ साली बेटी एडवर्ड्स या बाईंनी दुसरी युक्ती लोकप्रिय केली. समोरचं चित्र उलटं धरून त्याची नक्कल करायची. उलटं धरलं की नाक हे नाक राहत नाही, नुसत्या रेघा उरतात. आपण रेघा काढत जातो आणि सुलटं केल्यावर नाक आपोआप उमटलेलं असतं. घरातल्या नातवंडांबरोबर रविवारी दुपारी करून पाहण्यासारखा हा खेळ आहे.

पण हे सगळं कशासाठी? जॉन रस्किन या इंग्रज लेखकानं याचं चोख उत्तर दिलं होतं. १८५४ पासून तो लंडनच्या कामगार महाविद्यालयात सुतार, कारकून, कारागीर यांना चित्रकला शिकवायचा. सुताराचा चित्रकार करावा, हा त्याचा हेतू नव्हता. सुतार सुतारच राहावा, पण त्याला जग अधिक दिसावं आणि त्यातून त्याचं आयुष्य अधिक सुखाचं व्हावं, एवढीच त्याची इच्छा होती. १८५७ च्या आपल्या पाठ्यपुस्तकातही त्यानं हीच भूमिका मांडली, की चित्र येण्यासाठी निसर्ग पाहायचा नसून निसर्गावर जीव जडावा म्हणून चित्र काढायचं. मी रस्किनच्या वर्गातला कारकून आहे, असं मला कधी कधी वाटतं.

आता वय झालं, असं म्हणणाऱ्यांसाठी दोन उदाहरणं देतो. रवींद्रनाथ टागोर हस्तलिखितात खोडलेले शब्द एकमेकांना जोडून त्यांतून पक्षी, चेहरे, आकृत्या काढू लागले, तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं, तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. दुसरे म्हणजे जपानचे होकुसाई. सत्तरी उलटल्यावर त्यांनी लिहिलं, की लहानपणापासून काढलेल्या चित्रांत सत्तरीपूर्वीचं दखल घेण्यासारखं काही नाही. आणखी तीसपस्तीस वर्षं मिळाली, तर एकेक ठिपका जिवंत होईल. आणि १८४२-४३ मध्ये, वय ऐंशीच्या पुढे असताना, या माणसानं रोज सकाळी एक सिंह काढायचा नेम धरला. चिनी-जपानी कथांतला, अरिष्ट दूर ठेवणारा तो सिंह. कधी नाचणारा, कधी लोळणारा, कधी नुसताच रागावलेला. त्यांतले दोनशेहून अधिक कागद आजही शिल्लक आहेत. आपल्याकडे सकाळी दारात रांगोळी काढतात, त्याच जातीचं हे काम. विकण्यासाठी नाही, दाखवण्यासाठी नाही. दिवसाची सुरुवात नीट व्हावी म्हणून.

शांतिनिकेतनच्या नंदलाल बसूंचीही अशीच सवय होती. कोरी कार्डं जवळ बाळगायची, दिसलं ते चार रेघांत टिपायचं आणि ते कार्ड एखाद्या विद्यार्थ्याला किंवा स्नेह्याला टपालानं धाडून द्यायचं. अशी कितीतरी कार्डं लोकांनी जपून ठेवली. खुशाली कळवण्याची याहून सुरेख तऱ्हा मला माहीत नाही.

आपल्या शेजारचं उदाहरण द्यायचं, तर गोव्याच्या सासष्टीतल्या लोटली गावचे मारिओ मिरांडा. लहानपणी ते घराच्या भिंती रंगवून ठेवायचे, म्हणून आईनं त्यांच्या हाती एक कोरी वही दिली. ती त्यांची पहिली सचित्र रोजनिशी. पुढे तरुणपणी त्यांनी नेमानं अशा रोजनिशा लिहिल्या, किंवा काढल्या म्हणा. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या रोजनिशा नंतर पुस्तकरूपानं आल्या. गावचे पाद्री, लग्नं, नाच, शेजारपाजार, मित्रांच्या मैफली, कुत्री, सगळे त्यात आहेत. हे काढताना त्या तरुणाच्या मनात इतिहास लिहावा असं काही नसणार. पण १९६१ नंतर तो गोवा सरला आणि आज त्या काळचं गावातलं रोजचं जगणं पाहायचं, तर त्या वह्या उघडाव्या लागतात. मोठ्या घटनांची नोंद सरकार ठेवतं. शेजारीण कशी उभी राहायची, याची नोंद आपणच ठेवायची असते.

घरातली सवय लागली की वही प्रवासाला निघते. प्रवासात चित्रं काढण्याची आपली परंपराही जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीला पुण्यात पेशव्यांच्या दरबारी चार्ल्स मॅलेट हा इंग्रज वकील होता. त्याच्यासाठी काम करणारा गंगाराम तांबट हा मराठी चित्रकार वेरूळला गेला आणि तिथली लेणी त्यानं कागदावर उतरवली. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही त्यानं १७९० साली काढला. कॅमेऱ्याचा शोध लागायला अजून बराच काळ होता. डोंगरात कोरलेलं ते अवाढव्य काम पेन्सिलीच्या टोकावर तोलताना त्या माणसाला काय वाटलं असेल, असा विचार वेरूळला दर वेळी माझ्या मनात येतो.

तिकडे १८३२ साली द्यलाक्रवा हा फ्रेंच चित्रकार एका शिष्टमंडळाबरोबर मोरोक्कोला गेला. सगळं नवं, सगळं धावतं. रंगवायला वेळ नाही. म्हणून तो झरझर रेघा मारायचा, त्या रेघांमध्येच रंगांची नावं लिहून ठेवायचा आणि सवड मिळाली की पाण्याचे रंग भरायचा. काही महिन्यांचा तो प्रवास. पण त्या वह्यांवर तो पुढची तीस वर्षं चित्रं रंगवत राहिला. ही रंगांची नावं लिहायची युक्ती मी त्याच्याकडून उचलली. माझ्या वहीत 'भिजलेल्या गोणपाटाचा', 'शिळ्या भाकरीचा', 'एस.टी.च्या जुन्या लाल डब्याचा' असे रंग लिहिलेले सापडतात. रंगपेटी नेली नाही, तरी काम भागतं.

प्रवासाला सामान फार लागत नाही. शबनम पिशवीत मावेल एवढी, पुठ्ठ्याच्या कडक बांधणीची वही, म्हणजे मांडीवर ठेवून काढता येतं. एक पेन आणि दोन पेन्सिली. पेन्सिलीवरच्या अक्षरांचा घोळ होतो, म्हणून सांगून टाकतो. फ्रान्समध्ये कोंते यानं १७९५ साली ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून भाजण्याची रीत काढली. माती जास्त तर शिसं कडक आणि रेघ फिकट, ती एच. ग्रॅफाइट जास्त तर शिसं मऊ आणि रेघ काळी, ती बी. प्रवासाला टू-बी आणि सिक्स-बी या दोन पुरेत. धावत्या गाडीत रेघ सरळ येत नाही. आली तशी ठेवावी. माझ्या वहीत मिरज ते पुणे या प्रवासातला एक झोपलेला प्रवासी आहे; त्याच्या नाकाला जो हिसका बसला आहे, तो रुळांच्या सांध्याचा आहे.

लोक जमतात, ही मात्र खरी परीक्षा. आपल्याकडे कुणी रस्त्यात वही उघडून बसला, की पाच मिनिटांत मागे चार मुलं उभी राहतात. 'काका, आमचं घर काढा ना!' असा हुकूम होतो. सुरुवातीला कानशिलं तापतात. मग लक्षात येतं, की वही हे ओळखीचं पत्र आहे. कॅमेरा रोखला की माणसं सावध होतात. वही उघडली की जवळ येतात. चहा येतो, बसायला पाट येतो, त्या घराचा इतिहास येतो. काही पथ्यं मात्र पाळावीत. कुणाचा चेहरा काढायचा, तर विचारावं आणि काढून झाल्यावर दाखवावा. दुःखात असलेल्या माणसाकडे पेन्सिल रोखू नये. जिथे चित्र काढायला मनाई आहे, तिथे पाहाऱ्यावरच्या शिपायाशी वाद घालू नये.

अशा बसण्याचा लाभ काय, तर वाईचं सांगतो. कृष्णेच्या घाटावरचं ढोल्या गणपतीचं देऊळ आपण सगळ्यांनी समोरून पाहिलेलं असतं. समोर उभं राहून छायाचित्रही घेतलेलं असतं. मी एकदा सावली शोधत वही घेऊन देवळाच्या मागच्या बाजूला जाऊन बसलो. मागची भिंत काढताना कोपरा काही केल्या जुळेना. कारण तिथे कोपरा नव्हताच. देवळाची मागची बाजू माशासारखी निमुळती बांधलेली आहे. कृष्णेचा पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं, म्हणून. पुस्तकात हे लिहिलेलं असतं. पण पेन्सिल अडली तेव्हा बांधणाऱ्या गवंड्यानं ते मला स्वतः सांगितलं, असं वाटलं.

छायाचित्राशी माझं भांडण नाही. नातवंडांचे फोटो मीही काढतो. पण दोन प्रयोग ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठाच्या लिंडा हेंकेल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना कलासंग्रहालयातून फिरवलं. काही वस्तू नुसत्या पाहायच्या, काहींचे फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी पाहिलेल्या वस्तू जास्त आठवल्या, फोटो काढलेल्या कमी. जणू कॅमेऱ्यानं पाहिलं, आता आपल्याला पाहायची गरज नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लोकांना साधे शब्द दिले. काहींचं चित्र काढायचं, काही नुसते लिहायचे. चित्र काढलेले शब्द कितीतरी जास्त लक्षात राहिले. चित्र चांगलं होतं की वाईट, यानं फरक पडला नाही. तिथल्याच पुढच्या अभ्यासात म्हाताऱ्या माणसांनाही हा फायदा मिळतो, असं दिसलं. आम्हा साठी उलटलेल्यांना, चष्मा कुठे ठेवला हे आठवत बसणाऱ्यांना, ही बातमी गोड वाटावी अशीच आहे.

इथवर मी वस्तू, देवळं आणि प्रवासी यांच्याबद्दल बोललो. खरं सांगायचं ते माणसांबद्दल आहे, आपल्या घरातल्या माणसांबद्दल.

माझे थोरले बंधू, अण्णा, २०२२ साली अंथरुणाला खिळले. वडील लवकर गेले होते. अण्णा सतराव्या वर्षी एका कारखान्यात लेथवर उभे राहिले आणि आम्हा धाकट्यांची शिक्षणं झाली. आमच्या पिढीत भावाभावांनी एकमेकांशी बोलण्याची रीत नव्हती. पाऊसपाणी, भावकी, क्रिकेट एवढंच. आजारात तेही संपलं. मी रोज दुपारी त्यांच्याजवळ बसायचो आणि दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी मी वही काढली. आजारी माणसाकडे टक लावून पाहणं बरं दिसत नाही. चित्र काढायचं म्हटल्यावर त्या पाहण्याला कारण मिळालं. अण्णांनी वही मागून घेतली, बराच वेळ निरखली आणि म्हणाले, 'माझं नाक एवढं मोठं केव्हा झालं रे?' मी म्हणालो, 'अण्णा, ते पहिल्यापासूनच आहे.' पुष्कळ दिवसांनी ते हसले.

मग रोज एक चित्र ठरूनच गेलं. एक दिवस मी त्यांचा चादरीवरचा उजवा हात काढत होतो. तर्जनीचं वरचं पेर काही जमेना. तीन वेळा काढलं, तीनही वेळा चुकीचं वाटलं. नीट पाहिलं, तर ते पेर खरोखरच बाहेरच्या अंगाला वळलेलं होतं. मी विचारलं, हे कधी झालं. अण्णा म्हणाले, 'तू बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतास बघ. तेव्हा दोन पाळ्या करत होतो. रात्रीच्या पाळीला डोळा लागला, बोट गेलं आत.' मग थोडं थांबून म्हणाले, 'तुझी परीक्षा होती, म्हणून घरी कुणी बोललं नाही.'

चाळीस वर्षं त्या हातानं मला ताट वाढलं होतं. ही गोष्ट घरात कुणी कधी काढली नव्हती आणि फोटोंमध्ये तो हात नेहमी कुणाच्या तरी खांद्यामागे होता. पेन्सिल त्या पेरापाशी अडली नसती, तर मी विचारलं नसतं आणि अण्णांनी सांगितलं नसतं. त्यानंतरचे अडीच महिने आम्ही बोललो. कारखाना, वडील, गावची विकलेली जमीन, सगळं. हात चित्र काढत होता, म्हणून तोंडं मोकळी झाली. त्या अडीच महिन्यांची वही एकोणीस नंबरची. चित्रकाराच्या नजरेनं तीत काहीही नाही. वळलेलं ते पेर मात्र बरोबर उतरलं आहे.

म्हणून मला वाटतं, की रोज रेघ ओढायची ती कलेच्या मोठेपणासाठी नाही. आपण जे रोज पाहतो, तेच आपल्याला दिसेनासं होतं. घरातली माणसं तर सर्वांत आधी. ती असतात, म्हणून आपण त्यांच्याकडे पाहत नाही. आणि ती नसतात, तेव्हा पाहायला उशीर झालेला असतो. रोज दहा मिनिटं कशाकडे तरी खरोखर पाहायचं, एवढाच या वहीचा करार. कधी ते लिंबू असेल, कधी देवळाची भिंत, कधी झोपलेल्या बायकोच्या चष्म्याचा पडलेला वळ.

ज्यांना एकट्यानं बाहेर बसायचा संकोच वाटतो, त्यांना आता सोबतही मिळते. सिएटलचे वृत्तपत्रीय चित्रकार गॅब्रिएल कांपानारिओ यांनी २००७ साली 'अर्बन स्केचर्स' ही चळवळ सुरू केली. जागेवर बसून, डोळ्यांसमोर आहे तेच काढायचं, असा त्यांचा दंडक. मुंबई-पुण्यासह जगभरच्या शहरांत अशी मंडळी सुटीच्या सकाळी एखाद्या चौकात, बाजारात, जुन्या इमारतीसमोर एकत्र बसतात. त्यात कसलेले कलावंत असतात, तशाच गृहिणी, डॉक्टर आणि शाळकरी मुलंही असतात. शेवटी सगळ्या वह्या जमिनीवर शेजारी शेजारी मांडतात. एकाच वास्तूकडे पाहून प्रत्येकानं निराळंच काहीतरी पाहिलेलं असतं.

घरात लहान मुलं असतील, तर एक विनंती. त्यांनी चित्र आणून दाखवलं की नुसतं 'छान' म्हणून पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालू नका. 'हे काय आहे?' असंही विचारू नका. त्यानं ती हिरमुसतात. 'हे कुठे पाहिलंस?' असं विचारा. मग ते मूल पाहिलेलं सांगू लागतं आणि चित्र ही मार्कांची गोष्ट आहे, हे त्याला आणखी काही वर्षं तरी कळत नाही.

आज रविवार आहे. ही पुरवणी वाचून होईपर्यंत तुमच्यासमोर चहाचा रिकामा कप असेल. तो कुणी उचलून नेण्याआधी जवळचं बॉलपेन घ्या. पुरवणीच्या कडेला कोरी जागा असतेच. कपाचं तोंड गोल नाही, चपटं दिसतंय. कानापाशी एक टवका उडालाय. तो कधी उडाला, हे घरात कुणाला तरी ठाऊक असेल. त्यांना हाक मारून विचारा.